झाडपाल्याचे रंग

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. चूल, मूल, गुरे आणि सुगीची कामे यांतून जेवढे शिकायला मिळाले तेवढेच माझे ज्ञान. परंतु गेली काही वर्षे आपल्यापैकी आम्ही पाचजणी झाडपाल्यापासून कापड रंगवण्याचे काम करीत आहोत. मागच्या पडवीत तीन दगडांच्या चुलीवर पातेले चढले की शेजारच्या मावशी हटकून विचारतात, "आज काय शिजतंय? कपडे की कालवण?" तेव्हा हे काम काय आहे, त्यासाठी आम्ही कुठे कुठे फिरलो आणि त्यातून मंडळाला काय मिळण्यासारखे आहे, हे एकदा सगळ्यांना सांगावे, अशी अध्यक्षबाईंची आज्ञा झाली. म्हणून उभी राहिले आहे.

आपण तिसगावची माणसे रंगाला परकी नाही. आपल्या जवळच मढीला कानिफनाथांची यात्रा भरते. होळीपासून पाडव्यापर्यंत माणसांची रीघ लागते आणि रंगपंचमीला तर गडावर पाय ठेवायला जागा नसते. रंगपंचमी झाली की दुसऱ्या दिवशी पैठणला नाथषष्ठी. नेमक्या याच दिवसांत माळरानावर पळस फुललेला असतो. पान नाही, सावली नाही, नुसती केशरी फुले. पूर्वी हीच फुले पाण्यात उकळून रंगपंचमीचा रंग करीत. हल्ली पुडी फोडली की रंग तयार होतो, आणि पळसाची फुले झाडाखालीच वाळून जातात.

बायांनो, रंगाचे निम्मे शास्त्र आपल्या स्वयंपाकघरात आहे. पदराला हळदीचा डाग पडला आणि त्यावर साबण लावला, तर तो डाग लाल होतो. सगळ्यांनी पाहिले आहे ना? आपले कुंकूही हळदीलाच चुना किंवा पापडखारासारखा खार देऊन करीत असत. म्हणजे हळदीला खार भेटला की ती तांबडी होते. आता दुसरे पाहा. लोखंडी कढईत आवळा शिजवला तर तो काळा पडतो. आवळ्याच्या तुरट रसाला लोखंड भेटले की काळा रंग होतो. हिरडा, बाभळीची साल, बाभळीच्या शेंगा, डाळिंबाची साल या सगळ्यांत हाच तुरटपणा आहे. रंगाऱ्याचे काळे कापड याच युक्तीने होते. आपण जे "भांड्याने खराब केले" म्हणून टाकून देतो, ती एका मोठ्या धंद्याची किल्ली आहे.

पुष्कळजणींना वाटते की फुले उकळली, त्यात कापड बुडवले की झाले. तसे होत नाही. रेशीम आणि लोकर ही जनावरांपासून येतात. ती रंग लवकर धरतात. कापूस हट्टी. त्याची आधी पुष्कळ मनधरणी करावी लागते. प्रथम कोरे कापड धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तासभर उकळायचे, म्हणजे त्याची खळ आणि मेणचटपणा निघतो. मग हिरड्याच्या पाण्यात रात्रभर भिजत घालायचे. एक किलो कोरड्या कापडाला दीडशे ते दोनशे ग्रॅम हिरड्याची पूड लागते. ते वाळवून मग तुरटीच्या पाण्यातून काढायचे. तुरटीही साधारण तेवढीच. ही तुरटी एक हात कापडाला देते आणि दुसरा हात रंगाला. पुस्तकात अशा पदार्थाला रंगबंधक म्हणतात. मी त्याला मध्यस्थ म्हणते. सोयरीक जमवणारा मध्यस्थ चांगला असला की संसार टिकतो, तसेच हे.

एवढे झाल्यावर मग रंगाची पाळी. मंजिष्ठाची मुळी काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. ती तुरटी दिलेल्या कापडावर तांबडा रंग देते. मात्र तिला खळखळ उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर तांबड्याचा तपकिरी होतो. डाळिंबाच्या सालीने पिवळसर खाकी, कांद्याच्या सालीने बदामी, झेंडूने पिवळा. त्याच पिवळ्यावर हिराकशीचा हलका हात फिरवला की शेवाळी. हिराकस मात्र किलोला वीस ग्रॅमच्या वर घालू नये. लोखंड जास्त झाले की कापड कुजल्यासारखे फाटते. हिराकस नसेल तर गंजलेले खिळे आणि बैलाचे जुने नाल गुळाच्या पाण्यात पंधरा-वीस दिवस ठेवावे. तेही पाणी तेच काम करते.

निळीचे तर सगळेच वेगळे. तिला तुरटी लागत नाही, हिरडा लागत नाही. ती पाण्यात विरघळतच नाही. चुना आणि गूळ घालून तिचे भांडे झाकून उबेला ठेवतात. काही ठिकाणी टाकळ्याचे बी शिजवून त्यात घालतात. आतली हवा संपली की निळीचे पाणी हिरवट पिवळे होते. त्यात बुडवलेले कापड बाहेर काढले की ते आधी हिरवे दिसते आणि वारा लागता लागता डोळ्यांदेखत निळे होते. आमच्या घरी पहिल्यांदा निळीचे कापड निघाले तेव्हा सासूबाईंनी दोनदा चष्मा पुसला. तामिळनाडूत अजून निळीची लागवड होते आणि तिथून तिच्या वड्या येतात.

ही विद्या आपल्याकडची, आणि फार जुनी. मोहेंजोदडोच्या उत्खननात सुती कापडाचा जो तुकडा सापडला, तो चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा आणि मुळीच्या तांबड्या रंगात रंगवलेला आहे. आपल्या नगर जिल्ह्याच्या इंग्रजी अमदानीतल्या जुन्या गॅझेटियरमध्ये निळीचे काम करणाऱ्या निराळी लोकांची नोंद आहे. रंगारी, निराळी ही आडनावे आजही आपल्या ओळखीत आहेत; माणसे मात्र दुसऱ्या उद्योगात गेली. आणि करडई? आपल्या रानात रब्बीला करडई असते, ती आपण तेलासाठी पेरतो. तिच्या पाकळ्या म्हणजे कुसुंबा. त्या थंड पाण्यात चुरून धुतल्या की आधी पिवळा रंग निघून जातो. मग पापडखाराच्या पाण्यात तांबडा सुटतो आणि त्यात लिंबू पिळले की कापडावर गुलाबी चढतो. जुन्या बाया ज्याला कुसुंबी म्हणत, तो हाच रंग. बी भरू लागल्यावर वाळत आलेल्या पाकळ्या काढल्या तर बियांचे नुकसान होत नाही. काटे मात्र टोचतात, हे सांगितलेले बरे.

मग एवढी विद्या गेली कुठे? १८५६ साली विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा इंग्रज मुलगा दगडी कोळशाच्या डांबरापासून हिवतापाचे औषध करू पाहत होता. औषध झाले नाही, जांभळा रंग मात्र तयार झाला. १८६८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी मंजिष्ठाच्या जातीच्या मुळीतला तांबडा रंग कारखान्यात करता येईल असे काढले आणि १८९७ मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आली. पुढे थोड्याच वर्षांत आपल्या देशातली निळीची शेती मोडकळीस आली. डबीतला रंग स्वस्त, झटपट आणि दर वेळी सारखाच. रंगाऱ्याची पोटे त्यावर भरली असती तर त्यानेही तोच घेतला असता, आणि घेतलाच. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

आणि जुने ते सगळे सोने होते, असेही मी म्हणणार नाही. बिहारात चंपारण्यात शेतकऱ्याला वीस कट्ट्यांपैकी तीन कट्ट्यांत सक्तीने नीळ लावावी लागे. घरी खायला दाणा नसला तरी साहेबाची नीळ आधी. १९१७ साली गांधीजी तिथे गेले ते याच दुःखासाठी. रंग झाडाचा होता, पण त्यात माणसाचा जीव पिळलेला होता. म्हणून रंग झाडाचा आहे की डबीचा, एवढेच विचारून भागत नाही. तो कोणी केला, त्याला काय मिळाले, हेही विचारले पाहिजे. उलट डबीच्या रंगातलेही सगळे निर्धोक नाहीत. त्यांतले काही अंगाला अपायकारक आणि कर्करोगाला कारण होणारे म्हणून जर्मनीने १९९४ साली बंद केले आणि आपल्या सरकारनेही १९९७ मध्ये तशा रंगांवर बंदी आणली. झाडाच्या रंगातही काही पुस्तके मोरचूद आणि क्रोमचा खार वापरायला सांगतात. ही विषे आहेत. आपण फक्त तुरटी आणि थोडे लोखंड एवढ्यावरच राहतो. रंगाची भांडी, पळ्या वेगळ्या ठेवतो. त्यांत पुन्हा स्वयंपाक नाही.

आता आमच्या फिरस्तीबद्दल सांगते. घर सोडून लांब जाणे आपल्याला जमत नाही. लग्न, यात्रा, माहेरपण यांच्या कडेकडेनेच जे पाहायचे ते पाहावे लागते.

एकदा नात्यातल्या लग्नाला अकोले तालुक्यात गेले होते. लग्न आटोपल्यावर यजमानांना म्हटले, आलोच आहोत तर हिरड्याचे झाड बघून जाऊ. डोंगरातल्या वाडीवर आदिवासी भगिनी बाळहिरडा वाळवीत बसल्या होत्या. फळ कोवळे असतानाच वेचायचे, उन्हात वाळवायचे, पाठीवर गोणी घालून खाली आणायचे. दिवसभर वेचून किती होतो आणि व्यापारी काय भाव देतो, ते त्यांनी सांगितले. तेव्हापासून आम्ही हिरडा घेताना घासाघीस करीत नाही. आणखी एक गोष्ट तिथे कळली. त्या बाया फळ घेतात, झाडाची साल काढीत नाहीत. साल काढली की झाड मरते. आम्हीही बाभळीची साल सोडली. शेंगा आणि छाटलेल्या फांद्यांची साल, एवढेच घेतो.

दुसरी वारी पैठणची. नाथषष्ठीला दिंडीबरोबर गेलेल्या आम्ही चौघीजणी दर्शन झाल्यावर पैठणी विणण्याचे केंद्र पाहायला गेलो. मागावर बसलेल्या मुली काठावर राघू आणि पदरावर मोर विणीत होत्या. एक एक धागा बोटाने फिरवायचा, एका साडीला महिनोनमहिने लागायचे. पैठणीला २०१० साली भौगोलिक चिन्हांकनाचा मान मिळाला, म्हणजे दुसऱ्या गावची साडी आता पैठणी म्हणून विकता येत नाही. येवला आणि पैठण हेच तिचे घर. मी तिथे विचारले, "हे रेशीम कशात रंगवता?" विणणाऱ्या ताईने मोकळेपणाने सांगितले, "हल्ली बहुतेक डबीचेच रंग. झाडाचा रंग हवा असला तर आधी सांगावे लागते, आणि किंमतही वाढते." मला तिचे फार बरे वाटले. साडी हजारोंची, घेणारी बाई समोर उभी, आणि तरी जे आहे ते सांगितले. जिची कला खरी आहे तिला खोटे बोलावे लागत नाही.

तिसरी वारी कच्छची. द्वारका, सोमनाथ आणि नारायण सरोवर अशी यात्रेची बस नगरहून निघाली होती. भुजला मुक्काम पडला. सकाळच्या वेळात आम्ही तिघी आणि एक यजमान असे रिक्षा करून अजरखपूरला गेलो. तिथे खत्री मंडळी पिढ्यान् पिढ्या अजरखचे कापड छापतात. निळ्या आणि तांबड्या चांदण्या, दोन्ही बाजूंनी सारख्या. एका कापडाला धुणे, हिरडा देणे, चुना-डिंकाचा छाप, लोखंडाचा काळा छाप, तुरटीचा छाप, नीळ, पुन्हा धुणे, मंजिष्ठ असे चौदा-पंधरा संस्कार होतात. त्यांच्याकडेही मध्यंतरी डबीचा रंग आला होता. मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी १९७० नंतरच्या काळात झाडाचे रंग पुन्हा सुरू केले आणि मुलांना शिकवले. त्यांचे चिरंजीव इस्माईल मोहम्मद खत्री यांना २००३ साली इंग्लंडमधल्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठाने डॉक्टरची पदवी सन्मानाने दिली. रंगाऱ्याच्या घरात डॉक्टरची पदवी! मी परत येताना बसमध्ये तेच सगळ्यांना सांगत होते.

परंतु मला तिथे सगळ्यांत मोठी वाटली ती पाण्याची गोष्ट. हे लोक मूळचे धमडका गावचे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोखंड वाढले. लोखंडाच्या पाण्यात तांबडा रंग मळकट होतो. तेव्हा पुष्कळ घरांनी पाणी पाहून नवी जागा घेतली आणि अजरखपूर हे गाव वसवले. पाण्यासाठी आपल्याकडचीही माणसे गाव सोडतात; पण रंग बिघडू नये म्हणून गाव हलवणारी माणसे मी तिथेच पाहिली. पाण्यातले लोखंड ओळखायची सोपी खूण घरीही करता येते: पेल्यात पाणी घेऊन चिमूटभर हिरड्याची पूड टाकायची. पाणी पिवळसर राहिले तर चांगले, काळपट झाले तर त्यात लोखंड आहे. परत आल्यावर आम्ही गावातल्या सहा ठिकाणचे पाणी असे तपासले. त्यांतल्या दोन ठिकाणचे रंगाला चालत नाही. बाकीचे जड आहे, पण जड पाण्यातला चुना मंजिष्ठाला उलट मानवतो. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून आपण रडतो, त्याच पाण्यात तांबडा रंग खुलतो.

आता आपल्या कामाविषयी. पहिला उद्योग आम्ही झेंडूचा केला. नवरात्रात मोहटादेवीला आणि घरोघरी किती झेंडू लागतो! दसरा-दिवाळी झाली की माळा उकिरड्यावर. आम्ही घरोघरच्या सुकल्या माळा मागून आणल्या, दोरा काढून पाकळ्या वाळवल्या आणि डबे भरून ठेवले. दुसरा उद्योग गोधड्यांचा. जुनी पांढरी धोतरे, उपरणी यांना डाळिंबाची साल आणि कांद्याची साल यांचे रंग देऊन गोधड्या शिवल्या. डाळिंब आणि कांदा ही तर आपल्या जिल्ह्याचीच पिके, सालीला पैसा पडत नाही. तिसरा उद्योग बाळंतविड्याचा, आणि त्यानेच मंडळाला थोडे नाव मिळवून दिले. एक दुपटे, एक कुंची, दोन झबली आणि चार लंगोट, सगळे मऊ सुती कापडाचे आणि झाडाच्या रंगाचे. तान्हे मूल जे हाताला लागेल ते तोंडात घालते. दुपट्याचे टोक तर चोखतेच. म्हणून त्या कापडाचा रंग कशाचा आहे, हे आईला कळले पाहिजे, असे आम्हाला वाटले.

हिशेब उघडा सांगते. एका बाळंतविड्याला कापड, दोरा, रंगाचे सामान आणि जळण मिळून साडेतीनशे रुपये लागतात. तो आठशेला जातो. म्हणजे हातात साडेचारशे. दहा बाळंतविडे करायला दोघींना सहा दिवस लागतात, म्हणजे रोज पडला पावणेचारशे. खुरपणीच्या रोजापेक्षा बरा, सावलीतला, पण रोज काम असतेच असे नाही.

एका वर्षी नगरच्या प्रदर्शनात एका मोठ्या दुकानदारांनी आमचा माल पाहिला. त्यांनी दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत तीनशे बाळंतविडे द्या म्हणून सांगितले. आम्ही पाचजणी. प्रत्येकीला बहात्तर दिवसांचे काम आणि सत्तावीस हजार रुपये. आमच्यातली एक भगिनी दर वर्षी दसऱ्यानंतर अर्धा कोयता म्हणून ऊसतोडीला जाते. तिची मुलगी त्या वर्षी दहावीत होती. तिने मुकादमाची उचल घ्यायची नाही असे ठरवले.

नमुने दिल्यावर दुकानदारांचा निरोप आला. गुलाबी रंग उन्हात फिका पडतो, गिऱ्हाईक तक्रार करील. तेव्हा डबीतल्या रंगाचा एक हात द्या, चिठ्ठी मात्र "फुलांचा रंग" हीच राहू द्या. भगिनींनो, कुसुंबी उन्हात उडतो हे खरेच आहे. हळद उडते, पळस उडतो. नीळ, मंजिष्ठ, हिरड्याचा काळा आणि डाळिंबाची साल टिकतात. आम्ही त्यांना कळवले की गुलाबीऐवजी मंजिष्ठाचा तांबूस देतो, तो टिकेल. त्यांना गुलाबीच पाहिजे होता, आणि चिठ्ठीही तीच.

त्या रात्री आम्ही पाचजणी बसलो. एक म्हणाली, "दुनिया असंच करते, आपणच काय हरिश्चंद्र?" तिचे बोलणे सोडून देण्यासारखे नव्हते. तिच्या घरी दवाखान्याचे देणे होते. शेवटी जिला कोयता घेऊन जायचे होते तीच म्हणाली, "ते दुपटं कुणाच्या तरी लेकराच्या तोंडात जाणार. चिठ्ठी वाचून आई निर्धास्त राहणार. आपल्याला नको." त्यावर कोणी काही बोलले नाही. काम गेले. ती भगिनी त्या वर्षी कारखान्यावर गेली. मुलगी आजीजवळ राहून परीक्षेला बसली आणि पास झाली. पण ते सहा महिने त्या मायलेकींनी कसे काढले, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. खरेपणाची किंमत कोणीतरी मोजतेच. ती नेहमी सगळ्यांत गरीब बाईनेच का मोजावी, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. म्हणूनच आज मी इथे उभी राहिले आहे.

त्यानंतर आम्ही प्रत्येक बाळंतविड्याबरोबर एक चिठ्ठी द्यायला लागलो. कोणत्या कापडाला कशाचा रंग आहे, कोणता टिकेल, कोणता फिका होईल, सावलीत वाळवा, सौम्य साबण वापरा, फिका झाल्यास आणून द्या, पुन्हा रंगवून देऊ. गिऱ्हाईक पळेल असे वाटले होते. तसे झाले नाही. पुण्याकडून आणि नगरहून पाच-दहांची मागणी येत राहते. एका आजीबाईंनी थोरल्या नातवाची कुंची धाकट्यासाठी पुन्हा रंगवून नेली. मात्र पाच-दहांच्या मागणीवर कोयता सुटत नाही. त्यासाठी काम सलग पाहिजे, आणि सलग कामाला पाणी पाहिजे.

पाण्याचा हिशेब ऐका. दहा बाळंतविड्यांना धुण्यापासून शेवटच्या खळबळण्यापर्यंत साडेतीनशे लिटर पाणी लागते, म्हणजे दोन पिंपांच्या आत. तीनशे करायचे तर साडेदहा हजार लिटर, म्हणजे एक टँकर. ज्या पाथर्डी तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्यात जन्म गेला, तिथे कापड रंगवायला गावच्या प्यायच्या पाण्यातला टँकरभर हिस्सा मागायचा, हे मला पटत नाही. कोणालाच पटू नये.

पण आपल्या मंडळाच्या खोलीवर पत्रा आहे. तो पंचावन्न चौरस मीटर भरतो. आम्ही टेपाने मोजला. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, हे माझ्या मुलाच्या पुस्तकात आहे. आपल्याकडे बरा पाऊस झाला तर पाचशे मिलिमीटर धरायला हरकत नाही. म्हणजे साडेसत्तावीस हजार लिटर. त्यातला तिसरा हिस्सा वाया गेला तरी अठरा हजार उरतात. बारा हजार लिटरची टाकी बांधली तर दसऱ्यापासून पाडव्यापर्यंतचे पाणी आपलेच. पावसाचे पाणी मऊ असते. मंजिष्ठासाठी त्यात चिमूटभर चुना टाकला की झाले. तुरटीचे पाणी आम्ही फेकत नाही, पुन्हा तुरटी घालून वापरतो. शेवटचे खळबळण्याचे पाणी लिंबाच्या झाडांना जाते.

मंडळाकडे वर्गणीची शिल्लक आहे. तिचे काय करावे यावर दोन मते आहेत, हे मला ठाऊक आहे. काही भगिनींना वाटते की सभागृहाला फरशी बसवावी, भजनाला आणि हळदीकुंकवाला बरे पडेल. त्यांचे म्हणणे रास्त आहे. खरबरीत जमिनीवर म्हाताऱ्या बायांना बसवत नाही. मी एवढेच म्हणते की यंदा टाकी आणि पुढच्या वर्षी फरशी असा क्रम लावता आला तर पाहावे. टाकी झाली तर ते पाणी फक्त आम्हा पाचजणींचे नाही. ज्या भगिनीला हे काम शिकायचे असेल तिला आम्ही शिकवू. पहिला हक्क मात्र जिच्या घरातून कोयता बाहेर पडतो तिचा. आणि मिळकतीतला दहावा हिस्सा आम्ही मंडळाच्या फरशीसाठी बाजूला ठेवू, हे पाचही जणींच्या वतीने आज सगळ्यांसमक्ष सांगते.

तोपर्यंत घरी करण्यासारखे थोडे सांगते. कांद्याची वरची सुकी साल आणि डाळिंबाची साल फेकू नका, वाळवून पिशवीत ठेवा, पोत्यापोत्याने लागते. पळस फुलला की झाडाखाली पडलेली फुले वेचा, फांद्या मोडू नका. बांधावरचा तरवड सरसकट काढून टाकू नका. त्याच्या फुलांचा पिवळा रंग होतो आणि दुष्काळातही तो झुडूप हिरवा राहतो. आणि घरात जुन्या बाया असतील तर त्यांना विचारा, तुमच्या लहानपणी लुगडी, पागोटी कुठे रंगत, कोण रंगवी, काय घाली. माझ्या आजीला कुसुंब्याची सगळी कृती तोंडपाठ होती. ती ऐकायला माझ्यासारखी एक नात होती म्हणून ती उरली. आपल्यातल्या किती घरांत अशा कृती आजीबरोबरच जात असतील!

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास आपल्या माणसाचे म्हणून पोटात घाला. टाकीचा विचार सभेपुढे ठेवला आहे. होकार असो की नकार, जे ठरेल ते सगळ्यांचे.